सहा पिंपांमागे एकदा ब्रश

मी व्हिनेगर चाखते. छंद म्हणून नव्हे, नोकरी म्हणून. पोटासाठी लोक काय काय करतात, मी आंबट तोंडात धरते आणि थुंकते. सत्तावीस वर्षं झाली. कारखान्याच्या मागच्या खोलीत चोवीस लाकडी पिंपं आहेत, प्रत्येकात सफरचंदाचा रस मुरत असतो. रोज मी काचेची नळी घालून एकेकातलं चमचाभर काढते, तोंडात घोळवते, मनात दहा मोजते, बेसिनमध्ये थुंकते आणि पिंपावरच्या पाटीवर एक शब्द लिहिते: कच्चं, होत आलं, झालं किंवा गेलं. 'गेलं' लिहिलं की ते पिंप गटारात ओतायचं आणि मालकांनी दिवसभर माझ्याशी बोलायचं नाही, असा आमचा रिवाज. मोजायची यंत्रं आली, पण शेवटचा शब्द अजून माझाच. कारखान्यात मला सगळे 'जीभ' म्हणतात. "जीभ आली का?" "जिभेला विचारून घ्या." सुरुवातीला राग यायचा. आता कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर मी वळूनसुद्धा बघत नाही.

चोवीस पिंपं सलग चाखणं कुणाच्याच तोंडाला झेपत नाही. आठव्या-नवव्या पिंपाला तोंड बधिर होतं आणि सगळं सारखंच लागायला लागतं. माझ्याआधी जे गृहस्थ चाखायचे ते मधे मधे साखरेचा खडा चघळायचे आणि बाराव्या पिंपानंतर डोळे मिटून सगळीकडे 'होत आलं' लिहायचे. मी तसलं काही केलं नाही. मी माझी स्वतःची पद्धत काढली. सहा पिंपं झाली की ब्रश. पेस्ट लावायची नाही, पेस्टचा वास तोंडात राहतो. नुसती खडूची बारीक पूड, राठ केसांचा ब्रश, आणि दोन मिनिटं दणकून घासायचं, दात करकर वाजेपर्यंत. मग पुढची सहा. दिवसातून चारदा हे, शिवाय घरी उठल्यावर आणि झोपताना. या पद्धतीचा मला इतका अभिमान की ती मोठ्या अक्षरांत लिहून बेसिनच्या वर चिकटवली होती. मालकांकडे पाहुणे आले की ते आधी मला दाखवायचे आणि मग तो कागद.

ही पद्धत मी खारेलाही शिकवली. खार म्हणजे माझ्या ताईची मुलगी. लहानपणी तिचे पुढचे दोन दात बाकी चेहऱ्याच्या आधी खोलीत शिरायचे, म्हणून हे नाव पडलं. पुढे चेहरा वाढला आणि तेच दात तिला शोभायला लागले. ती हसली की समोरचा माणूसही विनाकारण हसतो. सहा वर्षांपूर्वी ताईने तिला माझ्या हाताखाली दिली तेव्हा बजावलं, "शिकव, पण ओरडून ओरडून पळवून लावू नकोस." खारेची जीभ माझ्यापेक्षा तल्लख आहे. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, कारण शिकणाऱ्याला चढवून ठेवलं की तो तिथेच थांबतो असं माझं मत. शिकवायची माझी रीत वेगळी. मधूनच मुद्दाम चुकीचं सांगायचं. "आज नऊ नंबर चाखू नकोस, कालच चाखलंय." तिने खरंच सोडलं की मग फैलावर घ्यायचं: "मी सांगितलं म्हणून सोडलंस? उद्या विहिरीत उडी मार म्हणाले तर मारशील?" वर्षभरात ती फसेनाशी झाली. आम्हाला मूलबाळ नाही. खारेला मी माझी मुलगी म्हणत नाही, ताई ऐकेल. पण ती सुट्टीवर असली की चोवीस पिंपं मला अठ्ठेचाळीस वाटतात.

एवढं घासल्यावर दातांच्या डॉक्टरकडे जायची गरजच काय? कीड माझ्या दातांना कधी लागली नाही. कुणी गाल धरून बसलेलं दिसलं की मी नाकाने कांदे सोलायचे: "घासत नसाल नीट." आता विचार करते तर खुणा होत्याच. गार पाणी सोडून मी कोमट प्यायला लागले आणि ते पचनाला चांगलं असतं म्हणून सगळ्यांना सांगत सुटले. वारा असला की तोंड मिटून चालायचे; आमचे हे म्हणायचे, रोज वारा सुटू दे. पुढच्या दातांच्या कडा आरपार दिसायला लागल्या होत्या, मागून जीभ नेली की तिची सावली पुढून दिसायची. मला वाटलं हे स्वच्छतेचं तेज. खोटं कशाला सांगू, मी आरशासमोर उभी राहून खूश व्हायचे.

मग एका शनिवारी सकाळी टोस्ट खाताना पुढच्या दाताची कड गेली. टोस्ट चहात बुडवलेला होता, बरं का. मऊ लगदा झालेला टोस्ट. ह्यांनी माझ्या बशीतला तो पांढरा कपचा बोटावर घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अगं, हा टोस्टचा नाही."

"मग कशाचा?"

"तुझा."

त्यांनी त्याच दुपारची वेळ घेतली. मी नको म्हणत होते, पण बोलताना दाताच्या त्या खाचेतून हवा आत जात होती आणि प्रत्येक 'नको'ला कळ येत होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या भाचीच्याच वयाच्या. हातात लांब दांडीचा छोटा आरसा. खुर्ची मागे झुकली, दिवा डोळ्यांवर आला.

"याआधी दात कधी दाखवले होते?"

"लग्नाच्या आदल्या वर्षी."

"म्हणजे साधारण?"

"साधारण म्हणजे, तेव्हा नवरा नोकरीला लागायचा होता आणि मागच्या वर्षी तो निवृत्त झाला."

त्या हसल्या नाहीत. एकेक दात बघत, तोंडाने आकडे पुटपुटत गेल्या. मग खुर्ची सरळ केली आणि मला काय काम करता ते विचारलं. मी सांगितलं. व्हिनेगर म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, जणू कोडं सुटलं. पण पूर्ण सुटलं नव्हतं, कारण त्या म्हणाल्या, "आंबटाने झिजतात हे खरं. पण तुमचे जास्तच झिजलेत, आणि दातांची बाहेरची बाजू तर तासल्यासारखी सपाट झालीय. चाखल्यावर तुम्ही काय करता?"

आता माझी वेळ होती. मी माझी पद्धत सांगितली. सहा पिंपं, खडूची पूड, राठ ब्रश, दोन मिनिटं, करकर. बोलता बोलता मी हातवारेसुद्धा केले. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या, त्या लिहायच्या थांबल्या.

"चाखल्यावर लगेच?"

"लगेच. तोंड आंबट असतानाच. त्यातच तर खरी मेख आहे."

"हो," त्या हळूच म्हणाल्या, "त्यातच आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. दातावर इनॅमलचं कवच असतं, शरीरातलं सगळ्यात कठीण. आंबट लागलं की ते वरून मऊ पडतं. तासभर काही केलं नाही, नुसती पाण्याने चूळ भरली, तर लाळ त्याला बऱ्यापैकी सावरून घेते. पण त्या तासात घासलं तर मऊ पडलेला थर ब्रशबरोबर निघून जातो. "ओल्या रंगावर घासणी फिरवल्यासारखं," त्या म्हणाल्या. गेलेला थर परत येत नाही. नुसतं चाखून, चूळ भरून गप्प बसले असते, तर माझे दात झिजले असते, पण इतके नाही. एखाद्या आळशी माणसाचे राहिले असते तेवढे राहिले असते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं झालं. मी भडकले. म्हटलं, सत्तावीस वर्षांत मला कुणी हे सांगितलं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही कुणाला विचारलंत?" आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करायची?

पुढे त्या बरंच बोलत होत्या. पुढच्या चार दातांना भर घालू, मागे टोप्या बसवू, दाताच्याच रंगाचं करू, चाखणं कमी करा, चाखायचं तर पाणी घालून पातळ करून चाखा. मी हो हो म्हणत होते, पण माझं लक्ष तिथे नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर बेसिनवर वाकलेली खार होती. कोपर वर करून, जीव तोडून घासणारी. करकर.

"सहा वर्षं असं केलं असेल तर?" मी विचारलं. "एकोणतीस वर्षांच्या माणसाने?"

"दिवसातून किती वेळा?"

"चार."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना समजलं असावं. "त्यांना लवकर घेऊन या," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं म्हणजे कदाचित अजून थांबवता येईल. पण त्यांनी घासणं आजच बंद करायला हवं. आज."

आज शनिवार होता आणि कारखाना बंद. मी स्वतःला सांगितलं, सोमवारी बोलू. फोन टेबलावर होता, तिचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं, आणि मी रविवारभर कपाटं आवरली. ह्यांनी दोनदा विचारलं, "खारेला सांगितलंस का?" दोन्ही वेळा मी म्हणाले, "सांगते ना." माझी पद्धत चुकली असं म्हणायचं आहे एवढंच. तीनच शब्द आहेत. पण आयुष्यात मी ते कधी म्हटलेले नव्हते, आणि सवय नसलेलं काम पन्नाशीनंतर जड जातं.

सोमवारी खार माझ्या आधी आली होती. सहा पिंपं झाली. ती बेसिनकडे गेली, पूड घेतली, घासायला लागली. मी तिच्या मागे चार हातांवर उभी होते. मूग गिळून बसले. सगळं ठाऊक असून मी तिला दिवसातून चारही वेळा घासू दिलं. हे मी इथे लिहिते आहे कारण लपवायचं म्हटलं तर तेवढंच लपवण्यासारखं आहे. बाकीची सत्तावीस वर्षं मला माहीत नव्हतं. त्या सोमवारी माहीत होतं.

मंगळवारी मी मधला मार्ग काढला. भित्र्या माणसांना मधले मार्ग फार सुचतात. सहावं पिंप झाल्यावर म्हटलं, "आजपासून ब्रश नको. नुसती पाण्याने चूळ भर."

खार वळली. "का गं, मावशी?"

"सांगते तेवढं कर."

"बरं," ती म्हणाली आणि चूळ भरली. मला हायसं वाटलं. वाटलं, सुटले, कारण न सांगता काम झालं. दुपारी मी मालकांकडून परत येत होते तेव्हा बायकांच्या प्रसाधनगृहातून तो आवाज आला. करकर, करकर. दार लोटलं तर खार आरशासमोर. खिशातून आणलेली पूड, ब्रश आणि दोन्ही गाल फुगलेले.

"हे काय चाललंय?"

तिने तोंडातलं थुंकलं आणि ऐटीत हसली. "परीक्षा घेत होतीस ना? मला सकाळीच कळलं. सहा वर्षांत एकदासुद्धा नियम मोडला नाहीस तू, आणि आज एकदम नको? म्हटलं, आता मावशी म्हणणार, मी सांगितलं म्हणून सोडलंस? विहिरीत उडी मारशील?" माझी नक्कल ती फार छान करते. "सकाळपासून तिन्ही वेळा इथे येऊन घासलेत. चाखायला मी कधी घाण तोंडाने बसत नाही."

तिला वाटलं, शाबासकी मिळणार. चेहऱ्यावर तेच होतं.

"परीक्षा नव्हती," मी म्हणाले.

"मग?"

"माझं चुकलं." निघाले एकदाचे शब्द. "सगळंच चुकलं, खारे. चाखल्यावर घासायचंच नसतं. दात मऊ पडलेले असतात, त्यावर घासलं की ते जातात. माझे तसेच गेले. डॉक्टरनी शनिवारी सांगितलं. शनिवारी सांगितलं आणि मी आज मंगळवारपर्यंत गप्प बसले. काल तू चारदा घासलेस आणि मी बघत उभी होते."

तिच्या हातात ब्रश तसाच होता. नळ ठिबकत होता, तो तिने घट्ट बंद केला.

"माझ्या दातांना दोन वर्षं गार पाणी झोंबतंय," ती म्हणाली.

"दोन वर्षं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. एकदा. दात शिवशिवतात म्हणाले होते. आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. ती आठवण करून देताना नक्कल करत नव्हती, साध्या आवाजात सांगत होती.

"तू म्हणालीस, शिवशिवतात म्हणजे घासताना हात चोरतेस. म्हणून मी आणखी जोरात घासायला लागले."

मी खाली बघितलं. फरशी ओली होती. माझ्या जिभेला म्हणे चोवीस पिंपांतला फरक कळतो, आणि समोरच्या पोरीला दुखतंय हे दोन वर्षांत मला कळलं नाही. मला फार लाज वाटली. रडू नाही आलं. रडले असते तर तिलाच माझी समजूत घालावी लागली असती, आणि तेवढं तरी मी तिच्यावर लादलं नाही.

बुधवारी सकाळी आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मालकांना मी निरोप पाठवला की आज पिंपं थांबतील, मुरत पडून राहायची त्यांना सवयच आहे. आत बोलावलं तेव्हा सवयीने मी तिच्याबरोबर उठले.

"मावशी, तू बाहेर बस," ती म्हणाली.

लहानपणी सुई टोचून घ्यायलासुद्धा ती माझाच हात धरायची, ताईचा नाही. मी बसले. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या, एक मासिक आणि दातांचं एक मोठं चित्र होतं. चित्रात दात कापून आतलं दाखवलं होतं. वरचा तो पांढरा थर म्हणजे किती, नखाएवढासुद्धा नाही. मी अर्धा तास त्याच्याकडे बघत होते. आतून मधूनच डॉक्टरीणबाईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. सत्तावीस वर्षं मी लोकांना एका शब्दात निकाल दिला होता. निकालाची वाट बघायची पहिलीच वेळ होती, आणि मला ती अजिबात जमत नव्हती. दोनदा उठून दारापर्यंत गेले आणि परत आले.

खार बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक नळी होती, दातांवर लावायच्या औषधाची.

"वाचतील म्हणाल्या," ती म्हणाली. "वरचा थर गेलाय थोडा, तो गेला तो गेला. पण बाकीचा टिकेल. वर लेप देतील दर सहा महिन्यांनी. पुढच्या दोघांना बारीक भर घालतील, कळणारही नाही."

"बरं झालं," मी म्हणाले.

आम्ही बाहेर पडलो. वारा होता. मी तोंड मिटून घेतलं आणि बघितलं तर तिनेही मिटून घेतलं होतं, तसंच, ओठ आत दुमडून. ही सवयसुद्धा तिला माझीच लागली होती, फक्त मी ती आजवर पाहिली नव्हती. वळणापर्यंत आम्ही तशाच मुक्याने चाललो. मग आडोसा आला आणि ती थांबली.

"मला तुझा राग आलाय, मावशी."

"येणारच."

"तसं नाही. खूप आलाय. दातांचा नाही एवढा. मी सांगितलं होतं आणि तू ऐकलं नाहीस, त्याचा. आणि सोमवारचा." तिचा आवाज चढला. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. "तुझ्याकडे काही सांगायला यायचं म्हणजे आधी दहादा मनात घोकून यावं लागतं मला! दुखतंय म्हणायचीसुद्धा भीती वाटते! असं का असावं? मी का घाबरायचं तुला?"

एरवी असा आवाज माझ्यापुढे कुणी चढवला असता तर मी त्याला तिथेच गार केलं असतं. जिभेवर दोन-तीन उत्तरं आलीसुद्धा, मला ती नेहमीच येतात. मी एकही बोलले नाही. "बोल," म्हटलं, "अजून असेल तर तेही बोल."

होतं. बरंच होतं. नऊ नंबरच्या पिंपापासून सुरू झालं आणि सहा वर्षांचं सगळं निघालं; काही मला आठवत होतं, काही नव्हतं, आणि काही तर मी ते करताना शिकवते आहे असं समजत होते. मी उभी राहून ऐकलं. ती माझ्याकडे रोखून बघत, हात उडवत, अख्ख्या रस्त्यादेखत भांडत होती, आणि तिला माझी जराही भीती वाटत नव्हती. मला फार वाईट वाटत होतं. आणि तिने थांबू नये असंही वाटत होतं.